दीडशे पौंडांच्या त्या कागदाबद्दल

नमस्कार,

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की १८४६ मध्ये पैसे मोजून स्वतःची सुटका होऊ देणाऱ्याला स्वातंत्र्याचा विचारवंत कसं म्हणायचं? किंमत चुकती केली म्हणजे मालकाची मालकी मान्य केली. शिवाय ही गोष्ट मी एका ओळीत उरकली. हा शेवटचा आक्षेप एकदम मान्य. तिथे मी थांबायला हवं होतं.

पहिला मात्र पटत नाही. हाच आक्षेप तेव्हा हेन्री राइट या त्याच्याच गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या सहकाऱ्याने घेतला होता. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या डग्लसने मँचेस्टरहून त्याला सविस्तर उत्तर धाडलं. त्याचा रोख असा, की माझ्यावर हक्क माझाच, तो कुणाकडून विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही. पण मालक ऑल्डच्या पाठीशी अख्खं अमेरिकेचं सरकार उभं आहे. आणि ते खरंच होतं. १७९३ च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला गुलामगिरी नसलेल्या राज्यातूनही धरून नेता येत असे. वाटमाऱ्याच्या हातात पैशाची पिशवी दिली म्हणून वाटमारी रास्त ठरते का?

न्यूकॅसलच्या एलन आणि अ‍ॅना रिचर्डसन या नणंद-भावजयींनी खटपट करून ते दीडशे पौंड जमवले. डग्लसला इंग्लंडमध्येच राहता आलं असतं, तिथे त्याला मान होता. पण बायको-मुलं मॅसॅच्युसेट्समध्ये होती आणि लढाई अमेरिकेत. १८४७ मध्ये तो परतला आणि वर्ष संपायच्या आत रॉचेस्टरहून ‘नॉर्थ स्टार’ हे पत्र काढलं. पुढे कॅनडाकडे निघालेले कितीतरी पळालेले गुलाम त्याच्या घरी मुक्कामाला असत.

तो मुक्ततेचा कागद एकदा वाचाच. त्यात त्याचं वय ‘अठ्ठावीस किंवा त्याच्या आसपास’ असं लिहिलंय, आणि पुढे, काम करून पोट भरायला समर्थ. त्या ‘आसपास’पाशी मी दर वेळी अडखळते. स्वतःची जन्मतारीख डग्लसला कधीच कळली नाही. हा कागद त्याने लपवला नाही. १८५५ च्या आत्मचरित्रात तो जसाच्या तसा छापला. राइटला त्याने आधीच कळवलं होतं, की हे कागद मी जगाला दाखवीन, कलंक त्या देशाला लागेल.

स्वतः सुटला आणि गप्प बसला, असंही झालं नाही. ३ सप्टेंबर १८४८ ला, पळून आल्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, त्याने जुन्या मालकाला, थॉमस ऑल्डला, जाहीर पत्र लिहिलं. डग्लसच्या बहिणी आणि भाऊ अजून गुलामीतच होते. कागद हातात असलेला हा माणूस त्या पत्रात मालकाला विचारतो, त्यांचं काय केलंस? विकलंस त्यांना, की अजून तुझ्याच ताब्यात आहेत?