मालकाचं उत्तर: 1 स्टार, "एक इफेक्ट टाकायला चार दिवस"

नमस्कार ताई, आधी सॉरी. आजींसाठी सगळ्यांच्या आवाजाच्या क्लिप्स जोडून जी फाइल केली, तिच्यात मामांच्या आणि नागपूरच्या काकूंच्या क्लिपचा शेवट कापल्यासारखा वाटतो हे तुमचं बरोबर आहे. सगळ्यांचा रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा इफेक्ट, ट्रॅकवर (क्लिप्स ज्या पट्टीवर लावतो तिच्यावर) होता, पण हे दोघं फारच कोरडे वाटत होते म्हणून त्यांना वेगळा, क्लिपवरच दिला, आणि क्लिप संपली की रिव्हर्बची शेपटीपण तिथेच तुटते. पुढे थोडी रिकामी जागा सोडायची राहिली, तिथे मी माती खाल्ली.

पण "एक इफेक्ट टाकायला चार दिवस लावले आणि वर 4500 घेतले" हे वाचून वाईट वाटलं हो. एक इफेक्ट नव्हता ताई. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी 23 जणांच्या क्लिप्स, सगळ्या व्हॉट्सॲपवरून आलेल्या, कोणी गाडीत बसून बोललंय, कोणी किचनमधे, एकीच्या मागे तर कुकरच्या शिट्ट्या. सगळं एका ट्रॅकवर टाकून ट्रॅकलाच सगळे इफेक्ट दिले असते तर माझंही काम अर्ध्या तासात झालं असतं. नुसती फ्रिजची घरघर घ्या, आपल्याकडच्या क्लिपमधे ती 100 हर्ट्झला येते, न्यूजर्सीच्या दादांच्या क्लिपमधे 120 ला, कारण तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 ची, आणि घरघर त्याच्या दुप्पट येते, आता इथला फिल्टर दादांना लावला तर घरघर आहे तिथेच राहणार आणि आवाज उगाच पातळ होणार. म्हणून प्रत्येक क्लिपला वेगळा ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करायला), वेगळा कॉम्प्रेसर (मोठा-बारीक आवाज एकसारखा करायला), ज्यांचा स-श कानाला टोचतो त्यांना तो मऊ करणारा डी-एसर. हे ऐकताना कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच करतो आम्ही.

आणि चार दिवसांचं म्हणाल तर रविवारचा कार्यक्रम आणि शेवटच्या 5 क्लिप्स शनिवारी रात्री 11 ला आल्या, "जमेल ना दादा?" असं तुम्हीच विचारलं होतं. जमवलं की नाही? सकाळी हेडफोन लावून ऐकून "मस्त" पण म्हणालात. त्यातलं काहीच रिव्ह्यूमधे नाही.

असो. ती दोन टोकं नीट करून फाइल आज संध्याकाळपर्यंत पाठवतो, पैसे अर्थातच नाहीत. यापुढे फायनल करायच्या आधी मोठ्या स्पीकरवर ऐकवायचं वगैरे काहीतरी करूच. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, पण एकट्याचा स्टुडिओ आहे, नवीन माणूस आधी तुमचा तो 1 स्टारच बघतो. आजींना नमस्कार सांगा.