पोराच्या फुटबॉल मॅचला जाताय? टचलाइन सोडू नका

मागे खुर्चीत बसून मॅच पाहणाऱ्या आईबापांची कीव येते. टाळ्या वाजवायच्या, पाण्याची बाटली पुढे करायची, यात आपलं कर्तृत्व ते काय? तुम्ही थेट टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर या. रेफ्री मागे सरकायला सांगेल. सांगू दे. आपल्याच पोराच्या मॅचला कसली आलीय बंदी!

नियम वाचायच्या भानगडीत पडू नका, आवाज खणखणीत असला की झालं. समोरच्या टीमला थ्रो-इनवरून (बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकतात तो) चेंडू मिळाला की बिनधास्त ‘ऑफसाइड!’ म्हणून ओरडा. थेट थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हे शेजारच्याला माहीत असतं, पण बिचारा भिडेखातर गप्प राहतो. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, तेही विसरा. नाचायला कुठलाही गोल चालतो.

आता मुख्य काम. कधीतरी चेंडू रेषेलगत तुमच्याच दिशेने घरंगळत येईल. अख्खा चेंडू रेषेपार गेल्याशिवाय तो बाहेर धरत नाहीत. तसूभर रेषेवर असला तरी खेळ चालूच. पण एवढा बारकावा तुम्ही कशाला पाहाल? तुम्ही कॉलेजात खेळायचात (निदान पोराला तरी तसंच सांगितलंय). तेव्हा ऐटीत पाय फिरवा. त्या चेंडूमागे तुमचंच पोर जीव तोडून धावत होतं आणि पुढे फक्त गोलकीपर उरला होता, हे मागाहून कळेल. आधी कळेल ते असं, की चेंडू जेमतेम हललाय, बूट मात्र पार गोलपाशी पोचलाय आणि तुम्ही ओल्या गवतावर बसलाय.

शिट्टी. ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री चेंडू खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करणार. नियमाने चेंडू तुमच्याच टीमला मिळतो, समोरच्यांनी 4 मीटर लांब राहायचं. फक्त तोवर त्यांचे सगळे डिफेंडर परतून रांगेत उभे असतात. त्यांचा गोलकीपर तुमचा बूट दोन बोटांत धरून आणतो. ‘काका, हा तुमचा ना?’

अशा वेळी खाली मान घालायची नाही. एका मोज्यावर उभे राहून पोराला घरातल्या लाडक्या नावाने हाक मारा. ते पाठ फिरवून नाडी बांधत बसेल. ऐकू गेलं नसेल, अजून मोठ्याने मारा. ‘हे कोणाचे?’ असं कोच विचारतोय, त्याचीही सोय होईल.

घरी जाताना पोर म्हणेल, ‘बाबा, पुढच्या मॅचला नाही आलास तरी चालेल.’ किती समजूतदार! तुमच्या कमरेची काळजी वाटते त्याला. पाठीवर थाप मारा आणि सांगा, पुढच्या वेळी नाड्या घट्ट बांधून येतो, मामालाही आणतो.