लोकेशन मागू नका, बरगे कधी घालणार ते विचारा

परवा एका वर्गमित्राचा फोन आला. पोराची बारावी झाली, सुट्टी आहे, आणि मासे धरायचं खूळ डोक्यात शिरलंय. "तू जातोस ना नदीवर, तेवढं चांगल्या जागेचं लोकेशन टाक की." मी म्हटलं टाकतो. आणि टाकलं नाही.

थोडा कद्रूपणा आहेच, कबूल करतो. गळ टाकणारा माणूस स्वतःचा पगार सांगेल, शुगर किती आली ते सांगेल, पण जागा सांगणार नाही. पण या वेळी कारण तेवढंच नव्हतं. लोकेशन पाठवलं असतं तरी पोराला तिथं मासा मिळाला नसता. हे मला कळायला सांगलीत परत आल्यावर तीन रविवार वाया घालवावे लागले, म्हणून लिहितोय.

मी नोकरीची 19 वर्षं रत्नागिरीत काढली. तिथं आमच्या गळाला 'गरी' म्हणतात आणि मासे धरायला जाण्याला 'गरवायला जाणे'. पहिल्या वर्षी मी 'गळ' म्हणालो की शेजारचे आजोबा हसायचे. भाट्याच्या खाडीवर शिकलो ते त्यांच्याकडून. घड्याळ बघायचं नाही, तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मंद. भरती आत शिरायला लागली की बोय उड्या मारत येते, तिच्या मागं तांबोशी, आणि जन्मात चार-पाच वेळा जिताडा. कॅलेंडर भिंतीवर असलं की अर्धं काम झालेलं असायचं. चंद्र रजा टाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून सांगलीत आलो. येताना दोन रॉड, तीन रिळं आणि तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गुंडाळी टेम्पोत सगळ्यात वर ठेवून आणली. बायको म्हणाली, भांडी फुटली तरी चालतील, याच्या काठ्या नीट आल्या पाहिजेत.

पहिल्याच रविवारी गेलो ते अर्थात लहानपणच्या जागेवर. मामाच्या मळ्याच्या खाली, नदीच्या वळणावर एक उंबर होता. त्याच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या आणि खाली डोह. सहावी-सातवीत असताना तिथं बांबूची काठी आणि ज्वारीच्या धाटाचा तरंगता घेऊन बसायचो. वाम, मरळ, शिंगाडा, सगळं तिथंच पहिल्यांदा बघितलं. आता उंबर नाही. 2005 च्या पुरात तो कलला होता म्हणे, 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं त्यात काठासकट गेला. मधल्या काळात वाळूवाल्यांनी तळ उकरून ठेवलेला. जिथं उतार होता तिथं उभा कडा, जिथं डोह होता तिथं गाळ. मी मात्र हट्टानं तिथंच बसलो. एक नाही, तीन रविवार. मिळालं काय? तळहाताएवढ्या दोन चिलाप्या.

तिसऱ्या रविवारी मोटर चालू करायला एक आप्पा आले. थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काय घावलं का सायेब?"

"काही नाही आप्पा. पूर्वी इथं लई मिळायचे."

"घावंल कसं? परवा खालच्या बंधाऱ्याचं बरगं काढल्यात. दोन दिस झालं पाणी उतराय लागलंय. मासा मधी गेला की. तुमी हितं बसून काय करताय, ऊन खाताय व्हय?"

बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या. त्या काढल्या की तुंबलेलं पाणी खाली निघून जातं. मी काठाकडं बघितलं. चिखलावर ओल्या रेघा होत्या, एकाखाली एक. पाणी उतरताना सोडून गेलेल्या. त्या माझ्या पायाशी होत्या आणि मी तरंगत्याकडं डोळे लावून बसलो होतो. रत्नागिरीत ओहोटीची रेघ लांबून ओळखणारा मी, घरच्या नदीत आंधळा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण कृष्णा कृष्णा म्हणतो, पण पावसाळा सोडला तर इथं वाहती नदी फार थोडी आहे. बह्याच्या रामलिंग बेटापासून खाली सांगली, म्हैसाळपर्यंत बंधाऱ्यांच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पाणी तुंबलेलं. पावसाळा सरला की बरगे घालतात, पावसाच्या तोंडावर काढतात, आणि मधे गरजेप्रमाणे वर-खाली. वरून कोयनेचं पाणी सुटलं की पातळी चढते, ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचे पंप सुरू झाले की पडते. रत्नागिरीत पाणी चंद्र हलवतो, सांगलीत पाटबंधारे खातं. आणि खात्याचं पंचांग भिंतीवर मिळत नाही.

पाणी हळूहळू चढत असेल तर मासा कडेला येतो. कालपर्यंत कोरडं होतं ते गवत आज भिजलेलं असतं, त्यात किडे, गांडुळं, गोगलगाई. तेव्हा लांब फेकायची गरजच नाही, काठापासून सहा-सात फुटांवर गळ सोडावा आणि गप्प बसावं. पाणी उतरत असेल तर मासा खोलीकडं सरकतो आणि तोंड आवळतो. स्थिर पाण्यात उन्हाळ्यात पहाटेचे दोन तास, नाहीतर संध्याकाळ. बंधाऱ्याखाली पाणी फेसाळून पडतं तिथं प्राणवायू जास्त, म्हणून मासा गोळा होतो, पण भिंतीच्या जवळ जाऊ नका. शेवाळलेला दगड आणि अचानक सुटलेलं पाणी, दोन्ही माणसाला न विचारता घेऊन जातात. जॅकवेलच्या, म्हणजे पंपासाठी नदीत बांधलेल्या विहिरीच्या, खालचा कोपरा बघा, पुलाच्या खांबामागची सावली बघा. हरिपूरच्या संगमावर पहिल्या पावसानंतर वारणेचं पाणी आणि कृष्णेचं पाणी काही अंतर वेगवेगळ्या रंगाचं चालतं. त्या दोन रंगांच्या शिवेवर मासा उभा राहतो. हे मी काठावर उभा राहून बघितलंय, गळ न टाकता. कारण तो महिना गळाचा नाही.

त्यावर जरा रागानं बोलतो. जून-जुलैत नवं लाल पाणी आलं की मासे अंडी सोडायला वर चढतात. चढणीचे मासे म्हणून त्यांचं लोकांना भारी कौतुक. बंधाऱ्यापाशी, ओढ्याच्या तोंडाशी जाळी, मच्छरदाण्या, प्लॅस्टिकची क्रेटं घेऊन जत्रा जमते. गाभोळीनं पोट फुगलेली मासळी पोत्यानं नेतात, फोटो टाकतात, आणि हीच मंडळी दिवाळीनंतर मला विचारतात, नदीत मासा का राहिला नाही हो?

मरळीचंही तसंच. तिची पिल्लं लालसर, शेकड्यांनी एकत्र फिरतात. पाण्यावर कुणी मूठभर कुंकू टाकावं आणि ते हलत राहावं, असं दिसतं. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या पुंजक्यावर रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास झेपावते, भुकेनं नव्हे, पिल्लांवर काहीतरी आलं म्हणून. एका फेकीत मासा आणि मागं शेकडो पोरकी पिल्लं, बाकीच्या माशांना फराळ. याला मी कौशल्य म्हणत नाही. हे करणाऱ्याबरोबर मी बसत नाही, आणि हे तोंडावर सांगून दोन ओळखी तोडल्यात.

मगरींबद्दल सांगायलाच हवं, कारण बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं आम्ही चेष्टा करतो. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, भरपूर आहेत, आणि थंडीत दहा-अकराच्या उन्हाला मळीवर आ वासून पडलेल्या दिसतात. माझा नियम साधा आहे. पाण्याच्या कडेला बसायचं नाही, उंच काठावर बसायचं. मासा जिवंत ठेवायला जाळी पाण्यात सोडून ठेवायची नाही. मासा काठावर कापायचा, धुवायचा नाही. मार्च ते जून वाळूचा उंचवटा दिसला की लांबून जायचं, तिथं अंडी असू शकतात. आप्पा म्हणतात, "ती हितली मालकीण हाय, आपुण कूळ." कायद्यानंही पहिल्या अनुसूचीतला जीव आहे तो.

आणि मळीवरून आठवलं. आमच्याकडं या एका शब्दाचे दोन अर्थ. नदीकाठची गाळाची जमीन ती मळी, वांगी-काकड्या सोन्यासारख्या देणारी. आणि कारखान्यातून निघते ती पण मळीच. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी पाण्याला तपकिरी कड आली, आंबूस वास सुटला आणि मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. तासाभरात पांढरी पोटं दिसायला लागली. कुठून सोडलं, कुणी सोडलं, मला माहीत नाही. पण लोक ते मासे पाट्यांत भरून नेत होते ते डोळ्यांनी बघितलं. असा मासा फुकट मिळाला तरी घरी नेऊ नका. पाणी तसं झालं की गळ गुंडाळून पंधरा-वीस दिवस दुसरीकडं जावं.

दुसरीकडं म्हणजे माझ्यासाठी सातारा जिल्हा. धोम, कण्हेर. तिथं मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थांकडं असतो, त्यामुळं आधी त्यांच्या माणसाला भेटायचं, विचारायचं, पावती असेल ती घ्यायची. पोटावर पाय न देता छंद करता येतो. कोयनेच्या फुगवट्याचा बराच भाग मात्र अभयारण्याला लागून आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेला. त्या हद्दीत रॉड पिशवीतून बाहेर काढायचा नाही, बस्स. खडस मासा बघायचा योग असलाच तर येईल. त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आणि त्यातलं खुद्री हे कर्नल साइक्सनं आपल्या इथल्या लोकांच्या तोंडून उचललेलं आहे. खडस लागलाच तर तसाच सोडून द्या, त्यावर मी वाद घालणार नाही.

धरणावरची माझी सगळ्यात मोठी कमाई मात्र मे महिन्यातली, आणि तीही गळाशिवाय. मेमध्ये पाणी खाली जातं. गाळपेर जमिनी उघड्या पडतात, कुणी भाजीपाला केलेला असतो. त्या उतारावर चालत फिरायचं. बुडालेल्या घरांचे जोते दिसतात, जुने बांध, विहिरीचं कडं, झाडांचे बुंधे. मी शाळेची दोनशे पानी वही घेऊन जातो. 'पांढऱ्या दगडापासून बावीस पावलं, दगडी बांध, त्यापुढं उतार.' डिसेंबरात तिथं पाणी भरलेलं असतं, वर काही दिसत नाही, आणि शेजारचा माणूस विचारतो, तुम्हाला बरोबर तिथंच कसं कळतं? मी म्हणतो अंदाज.

आता वामेची गोष्ट सांगून थांबतो. आप्पांनी सांगितलेलं, "बरगं घातलं की चौथ्या दिशी सांजच्याला या, जॅकवेलच्या अंगाला." गेलो. गांडूळ, छोटं शिसं, गळ अगदी तळाला. अंधार पडता पडता तंगूस कापल्यासारखं थरथरलं, ओढ नाही, नुसती थरथर. ओढलं तर खाली काहीतरी दगडाला मिठी मारून बसलेलं. वर आली तेव्हा हातभर वाम, आणि तिनं स्वतःभोवती तंगुसाच्या इतक्या गाठी मारलेल्या की गळ कुठाय तेच दिसेना. उत्साहात उघड्या हातानं धरली आणि पाठीवरचे काटे तळव्यात. चाळीस वर्षांपूर्वी मामानं हेच सांगितलं होतं, राख नाहीतर गोणपाट घे म्हणून. आप्पा हसून हसून बांधावर बसले. बायको रत्नागिरीची, तिच्या मते गोड्या पाण्याचा मासा म्हणजे मातीच. पण चिंचेच्या कोळात तासभर ठेवून केलेल्या वामेचा रस्सा तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतला, काही न बोलता.

तर मित्रा, पोराला पाठव. लोकेशन नाही देणार, बरोबर नेईन. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि आईला विचारून एक जुनं गोणपाट आण म्हणावं. काल रात्री साडेनऊला आप्पांचा मिस्ड कॉल आलाय, एकच रिंग. म्हणजे बरगे घातले. गुरुवारी संध्याकाळी जायचंय, आणि गांडुळं अजून उकरायची आहेत.