नामानची गोष्ट पंधराव्या वचनाला संपत नाही

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आला की वसईतल्या ख्रिस्ती ग्रुपांवर बायबलमधल्या सेनापती नामानचा फॉरवर्ड फिरू लागतो. सार असं: नामान गर्विष्ठ होता म्हणून देवाने त्याला कोड (म्हणजे बायबलच्या भाषेत कुष्ठरोग) दिलं, यार्देन (जॉर्डन) नदीत सात बुड्या मारल्या, गर्व उतरला, कोड गेलं, तेव्हा थोरामोठ्यांना, धर्मगुरूंना प्रश्न विचारू नका, मान खाली घाला. तळाशी कुणाची तरी भर असतेच: ‘बाहेरून येऊन गावात माज करणाऱ्यांनी जरूर वाचावं.’

नामानला कोड गर्वामुळे झालं, असं त्याची गोष्ट जिथे येते त्या बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कुठेही नाही. पहिलंच वचन उलट सांगतं की परमेश्वराने अरामाला, म्हणजे नामानच्या देशाला, विजय दिला तो याच्याच हातून. मग कोडाचा उल्लेख येतो, कारणाविना. गर्वापायी कोड झालं ते बायबलमधल्याच उज्जीया या यहूदाच्या राजाला. कुणीतरी दोन गोष्टी कालवल्या असाव्यात. कुष्ठरोग जंतूमुळे होतो हे हान्सेनने 1873 मध्ये दाखवलं, तरी रोग्याच्या माथी पाप मारायची आपली खोड जात नाही.

नामानचा ताठा दिसतो तो इस्राएलातल्या अलीशा संदेष्ट्याच्या दारात, बरं व्हायला गेल्यावर. राजाचं पत्र, रथ-घोडे, दहा किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, एवढा लवाजमा घेऊन तो येतो, आणि संदेष्टा बाहेरही न येता निरोप धाडतो: यार्देनमध्ये सात बुड्या मार. सणाचा प्रमुख पाहुणा आला आणि ना बँड, ना फादर! तो भडकतो, आपल्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत म्हणतो आणि परत फिरतो. (नद्यांबद्दलचं त्याचं म्हणणं तिथे कुणी खोडत नाही. यार्देनच्या पाण्याच्या बाटल्या जपणाऱ्यांनी हेही वाचावं.)

त्याला अडवतात ते त्याचे नोकर. संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर केलंच असतंत ना, असं विचारतात. संतापलेल्या धन्याला हे विचारायला छाती लागते. मुळात अलीशाकडे जा म्हणणारी तरी कोण? लढाईत धरून आणलेली, त्याच्या बायकोची दासी झालेली पोर. फॉरवर्डचा सल्ला मानून ही माणसं गप्प बसली असती तर नामान कोड घेऊनच मेला असता. इथली नम्रता आहे ती मोठ्याने लहानाचं ऐकण्याची.

पुढचा भाग फॉरवर्डमध्ये येतच नाही. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मिस्सात होणारं वाचनही पंधराव्या वचनाशी थांबतं, म्हणून असेल. बरा झालेला नामान भेट देऊ करतो, अलीशा नाकारतो. मग अलीशाचा चाकर गेहजी लोभाने मागे धावतो. त्याला पाहून नामान रथातून खाली उतरतो, एका चाकरासाठी! गेहजी थाप मारून एक किक्कार चांदी मागतो, नामान दोन देतो. ती वाहायला दोन माणसं लागतात. या अध्यायात शिक्षा म्हणून कोड मिळतं ते फक्त या गेहजीला. तो परका नव्हता, धर्मपुरुषाच्या घरातलाच होता. धर्मगुरूंच्या अवतीभवतीच्यांना प्रश्न विचारू नका, असं यातून काढायचं म्हणजे कमाल झाली.

राहिले ‘बाहेरचे’. येशूने नामानचं नाव घेतलं ते नासरेथच्या सभास्थानात, आपल्याच गावकऱ्यांपुढे: इस्राएलात कोडी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो हा परदेशी. ऐकून गावकरी इतके खवळले की येशूलाच कड्यावरून लोटायला निघाले. भाड्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याला हा फॉरवर्ड पाठवण्याआधी लूकचा चौथा अध्याय उघडावा.