चार्ल्स डिकन्सचा काही संबंध नाही

लेख आवडला, पण 'व्हॉट द डिकन्स' हा इंग्रजी उद्गार कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवरून आला, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. डिकन्स जन्मला 1812 साली. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' नाटकात हे शब्द आधीच आहेत, आणि ते 1623 च्या फोलिओत (त्याच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात) छापलेलंही आहे. तिसऱ्या अंकात मिसेस पेज या पात्राला विचारतात, हा पोऱ्या कुठून मिळवला? नवऱ्याने ज्याच्याकडून आणला त्या गृहस्थाचं नाव काही केल्या आठवेना, तेव्हा बाई वैतागून हे म्हणतात. इथला 'डिकन्स' म्हणजे सैतान. त्याचं नाव तोंडातून थेट काढायचं नाही म्हणून ही पळवाट. 'हेल'चं (म्हणजे नरकाचं) 'हेक' झालं तसंच. (आपणही वडीलधारे समोर असले की 'च्यायला' गिळून 'अरेच्चा' म्हणतोच की!)

वापराबद्दल एक. यात नुसतं आश्चर्य नसतं, थोडी चिडचिडही असते. 'व्हॉट द डिकन्स आर यू डुइंग?' म्हणजे 'हे काय चालवलंयस तू?' त्यामुळे कुणी पेढे देऊन आनंदाची बातमी सांगितली, तर हे म्हणू नये. शिवाय आता ते जरा आजोबांच्या काळातलं वाटतं. रोजच्या बोलण्यात 'व्हॉट ऑन अर्थ' बरं.