खात्यात पैसे दिसले म्हणजे चेक वटला? नाही हो!

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, नवीन आलेल्या पोरांना "टिप्स" म्हणून. त्यात असं की चेक डिपॉझिट केल्यावर पैसे अव्हेलेबल दिसले की तो क्लिअर झाला, मग बँक परत मागू शकत नाही, पुढची तारीख टाकलेला चेक आधी वटतच नाही, आणि सहा महिन्यांनी चेक आपोआप रद्द होतो. तिन्ही चूक.

पहिलं सगळ्यात घातक म्हणून जरा सविस्तर. इथे चेकचा कायदा म्हणजे युनिफॉर्म कमर्शियल कोडचं आर्टिकल ४, प्रत्येक राज्याने आपापल्या विधिमंडळात मंजूर केलेलं. पैसे लवकर वापरू द्या हे सांगतो तो वेगळा, फेडरल नियम, रेग्युलेशन सीसी. म्हणजे बँक नियमामुळे पैसे दाखवते, चेक खरा निघाला म्हणून नव्हे! चेक खरोखर वटेपर्यंत ते क्रेडिट तात्पुरतंच. चेक परत आला की कलम ४-२१४ प्रमाणे बँक तेवढी रक्कम तुमच्या खात्यातून वळती करते, आणि तुम्ही ती खर्च करून बसलात तरी तिचा हक्क जात नाही, हे तिथे चक्क लिहिलंय. सोफा विकला, समोरच्याने जास्तीचा चेक पाठवला, वरचे पैसे झेलने (Zelle, खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय) परत कर म्हणाला, तुम्ही केले, आठवड्याने चेक खोटा निघाला, तर झेलचे गेले आणि चेकचेही गेले. "कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला) आहे, सेफ आहे" यावर पण जाऊ नका, खोटा तोही छापता येतो.

अर्थात बँक कधीही मनाला येईल तेव्हा कापते असंही नाही हां. ज्या बँकेवर चेक काढलाय तिला तो मिळाल्याच्या पुढच्या बँकिंग दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत परत पाठवावा लागतो, ती वेळ चुकली की साधारणपणे तो पैसा तिच्याच गळ्यात. पण चेकवरचा राउटिंग नंबरच (बँक ओळखायचा आकडा) चुकीचा छापलेला असला तर तो आधी भलत्याच बँकेकडे फिरतो, म्हणून कळायला इतके दिवस लागतात.

पुढच्या तारखेचं. भारतातल्या सवयीने आपण घरमालकाला तसे चेक देऊन निवांत बसतो. इथे तुम्ही बँकेला आधी नोटीस दिली नसेल तर ती तारखेआधीही पैसे देऊ शकते, कलम ४-४०१. नुसती तारीख टाकून काही होत नाही.

आणि सहा महिने. भारतात २०१२ पासून तीन महिन्यांनंतर बँक चेक घेत नाही, तेच डोक्यात असतं. इथे सहा महिन्यांनंतर बँकेवर पैसे देण्याचं बंधन नाही एवढंच, चांगल्या हेतूने दिले तर चालतं. त्यामुळे हरवलेला चेक जुना झाला म्हणून सोडू नका, स्टॉप पेमेंट (या चेकचे पैसे देऊ नका अशी बँकेला सूचना) टाका, आणि फोनवर टाकलं असेल तर १४ दिवसांत लेखी द्या, नाहीतर ते गळतं. लेखी दिलेलंही सहा महिनेच चालतं, परत रिन्यू करावं लागतं.