ते घर आयलीन ग्रे यांचं आहे

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ‘ई-१०२७’ या पांढऱ्या घराचा फोटो ‘ल कॉर्बुझिए (प्रसिद्ध वास्तुरचनाकार) यांची रचना’ म्हणून फिरतोय. हे साफ चूक आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या डिझायनर आयलीन ग्रे यांनी वास्तुरचनाकार ज्याँ बादोविची यांच्यासोबत १९२६ ते १९२९ मध्ये ते उभारलं. नावातच दोघं आहेत: ई हे आयलीनचं इंग्रजी आद्याक्षर, मग १०, २, ७ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं दहावं जे (ज्याँ), दुसरं बी (बादोविची) आणि सातवं जी (ग्रे). म्हणजे बादोविचींची अक्षरं ग्रे यांच्या अक्षरांच्या कुशीत! कॉर्बुझिए यांची तिथे आहेत ती भित्तिचित्रं. तीही नंतरची, ग्रे यांना न विचारता रंगवलेली. याचं मला फार वाईट वाटतं. पलंगापाशी सरकवून उंची कमी-जास्त करता येणारं गोल काचेचं टेबलही ग्रे यांचंच. फोटो पुढे पाठवलाय त्यांनी कृपया नाव दुरुस्त करावं.